बदललेलं एनोलेज, हिरड्या आणि अँटी सीसीपीचा रिपोर्ट : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आमवातावर म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की साखर जाळणारं आपलंच एक एन्झाईम जरासं बदलतं आणि काही लोकांचं शरीर त्याला परकं समजून त्याच्यावर उठतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यालाच द्यायचा ठरवलं. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : डॉक्टर ताई नमस्कार. मी साताऱ्याची, वय ४६. बरेच महिने झाले सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं आखडलेली असतात, तासभर तरी मूठ वळत नाही, कणिक मळणं तर बंदच झालंय. आमवातासाठी करतात ती अँटी सीसीपी नावाची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टर म्हणाले शरीर स्वतःवरच हल्ला करतंय. माझं स्वतःचं एन्झाईम माझं वैरी का झालं? माझं खाण्यापिण्यात काही चुकलं का?

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण तो प्रश्न मनात घेऊन बायका वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसतात. तुमचं काही चुकलेलं नाही. आंबट खाल्लं, थंड पाण्यात हात घातले, बाळंतपणात विश्रांती घेतली नाही, यातल्या कशानेही हा आजार होत नाही.

आता एन्झाईमचं. आपली प्रत्येक पेशी ग्लुकोजपासून शक्ती काढते, त्या कामाच्या दहा पायऱ्या आहेत आणि नवव्या पायरीवर जे एन्झाईम काम करतं ते एनोलेज. जर्मनीत १९३४ साली लोमान आणि मायरहोफ या दोघांनी ते शोधलं. जंतूंपासून माणसापर्यंत जवळपास सगळ्या सजीवांत ते असतं आणि ते फार जुनं असल्यामुळे त्याची रचनाही सगळीकडे बरीच सारखी राहिलीये, हे लक्षात ठेवा, पुढे हिरड्यांच्या प्रश्नात याचीच गरज पडणार आहे.

माणसातलं अल्फा एनोलेज म्हणजे ४३४ अमिनो ॲसिडची साखळी, घडी घालून बसलेली. त्यात मधे मधे आर्जिनीन नावाचं अमिनो ॲसिड असतं, त्याच्यावर धन विद्युतभार असतो आणि त्या भारामुळे घडी जागच्या जागी राहायला मदत होते. आपल्याच शरीरात पॅड नावाच्या एन्झाईमचं एक कुटुंब आहे, ते या आर्जिनीनचं सिट्रुलीन नावाचं दुसरं अमिनो ॲसिड करून टाकतं. वजनात फरक किती, तर एका डाल्टनपेक्षाही कमी (डाल्टन म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं माप), आणि अख्ख्या एनोलेजचं वजन आहे ४७ हजार डाल्टनच्या आसपास. पण धन भार गेला ना, तो महत्त्वाचा. साडीच्या निऱ्यांची पिन निघाली की निऱ्या सैल होतात आणि आतला कधी न दिसणारा भाग बाहेर येतो, तसंच इथे होतं, प्रोटीनची घडी सैल पडते आणि रोगप्रतिकारशक्तीने कधी न पाहिलेला तुकडा तिच्यासमोर येतो.

हा बदल म्हणजे आजार नव्हे बरं का. त्वचेत, केसांच्या मुळांत तो रोज होतो आणि व्हायलाच पाहिजे. पॅडला काम करायला भरपूर कॅल्शियम लागतं आणि निरोगी पेशीच्या आत ते बाहेरच्या तुलनेत हजारो पटीने कमी असतं, म्हणून एरवी पॅड गप्प असतं. पण सूज आली, पांढऱ्या पेशी फुटायला लागल्या की बाहेरचं कॅल्शियम आणि पॅड एकमेकांना भेटतात आणि आजूबाजूची प्रोटीन धडाधड बदलायला लागतात. कुठल्याही सुजलेल्या सांध्यात हे दिसतं, अगदी दुसऱ्या प्रकारच्या संधिवातातसुद्धा. आमवाताच्या बहुतेक पेशंटचं वेगळेपण हे की त्यांच्या शरीरात या बदललेल्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात.

त्यांच्यातच का, तर याचं एक कारण जन्मापासून आपल्यासोबत असतं. एचएलए डीआरबी१ नावाच्या जीनचे काही प्रकार असतात, त्यांच्यापासून बनणाऱ्या प्रोटीनला एक खाच असते, त्या खाचेत प्रोटीनचे तुकडे बसवून रोगप्रतिकारक पेशींना दाखवले जातात. धोक्याच्या प्रकारात ती खाच स्वतःच धन भाराची असते, त्यामुळे आर्जिनीन तिथे नीट बसत नाही, दोन्हीकडे सारखा भार म्हणून ढकललं जातं. सिट्रुलीनला भारच नाही, ते छान बसतं. म्हणजे बदललेला तुकडाच नेमका दाखवला जातो आणि न बदललेला राहून जातो. मला स्वतःला या सगळ्या विषयात हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो, की एवढा मोठा आजार आणि त्याच्या मुळाशी एका विद्युतभाराचा हिशोब.

आणि दुसरं कारण म्हणजे धूर. सिगरेट विडी ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात हा बदल जास्त होतो हे स्वीडनच्या क्लारेस्कोग यांच्या गटाने २००६ साली दाखवलं, आणि धोक्याचा जीन अधिक धूम्रपान असं दोन्ही असेल तर धोका नुसता बेरजेने नाही, त्याहून जास्त वाढतो. पुढे २००९ साली खास बदललेल्या एनोलेजविरुद्धच्या अँटीबॉडी बघून परत तेच दिसलं.

एकदा अँटीबॉडी तयार झाल्या की त्या सांध्यात जाऊन बदललेल्या प्रोटीनला चिकटतात, त्यांचे गठ्ठे तिथल्या पेशींना भडकवतात, टीएनएफसारखी सूज वाढवणारी रसायनं सुटतात, सूज वाढली की पॅड अजून जागं होतं आणि अजून प्रोटीन बदलतात. हे चक्र औषधाशिवाय बहुधा थांबत नाही आणि म्हणूनच मी हात जोडून सांगते, बोटं वाकडी होईपर्यंत वाट बघू नका. पहिल्या काही महिन्यांत सुरू केलेलं औषध आणि दोन वर्षांनी सुरू केलेलं औषध यात जमीन अस्मानाचा फरक असतो, कारण झिजलेलं हाड परत येत नाही.

प्रश्न : मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. शुगरसाठी करड्या टोपीची फ्लोराइडवाली ट्यूब वापरतो, ती एनोलेज बंद करते असं शिकवलं होतं. हे तेच एनोलेज का?

उत्तर : हो, तेच! फार छान प्रश्न. ट्यूबमध्ये रक्त घेतल्यावरही पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, साध्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होऊ शकते. सोडियम फ्लोराइड एनोलेजला अडवतं म्हणून ती गळती थांबते. फक्त एक लक्षात असू द्या, एनोलेज नववी पायरी आहे, तिच्या वरच्या पायऱ्या लगेच थांबत नाहीत, त्यामुळे पहिले एक दोन तास साखर थोडी घसरतच राहते. सॅम्पल लांबून येत असेल तर नुसत्या फ्लोराइडच्या भरवशावर राहू नका, ट्यूब थंड ठेवा आणि प्लाझ्मा लवकर वेगळा करा. आमवाताशी मात्र ट्यूबमधल्या फ्लोराइडचा काही संबंध नाही.

प्रश्न : कलिंगडात सिट्रुलीन असतं असं वाचलं. आमवात असलेल्याने कलिंगड खावं का?

उत्तर : खुशाल खा. सिट्रुलीन पहिल्यांदा कलिंगडातूनच वेगळं केलं गेलं हे खरं, जपानी शास्त्रज्ञांनी, १९१४ साली. पण कलिंगडातलं सिट्रुलीन सुटं असतं, ते पोटातून रक्तात जातं, किडनीत त्याचं आर्जिनीन होतं आणि विषय संपला. ते कुठल्याही प्रोटीनच्या साखळीत जाऊन बसत नाही, कारण साखळीत सिट्रुलीन जोडायची सोयच आपल्या पेशींकडे नाही. आजारातलं सिट्रुलीन आधीपासून साखळीत असलेल्या आर्जिनीनपासून जागच्या जागी बनतं. डायबेटिस असेल तर किती फोडी खायच्या ते मात्र बघा.

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातल्या गावी असते. पाच वर्षं आमवात आहे. लहानपणापासून मशेरी लावते, हिरड्यांतून रक्त येतं, तीन दात हलतात. तुम्ही गेल्या वेळी हिरड्यांचा उल्लेख केलात. खरंच संबंध आहे की उगाच?

उत्तर : संबंध आहे, आणि एनोलेजची गोष्ट इथेच रंगतदार होते. हिरड्यांच्या जुनाट आजारात, ज्याला आपण पायोरिया म्हणतो, पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू दातांच्या मुळाशी ठाण मांडून बसतो. या जंतूकडे स्वतःचं पॅडसारखं एन्झाईम आहे, ते १९९९ साली सापडलं, म्हणजे तो स्वतःची आणि आसपासची प्रोटीन बदलू शकतो. शिवाय त्याच्याकडेही एनोलेज आहेच. २००८ साली लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी माणसाच्या बदललेल्या एनोलेजचा नेमका कोणता तुकडा अँटीबॉडी पकडतात ते शोधलं, साखळीच्या सुरुवातीचाच, पाचव्यापासून एकविसाव्या अमिनो ॲसिडपर्यंतचा. वेगवेगळ्या गटांत मिळून आमवाताच्या ३७ ते ६२ टक्के पेशंटमध्ये या तुकड्याविरुद्ध अँटीबॉडी मिळाल्या, निरोगी लोकांत २ टक्क्यांच्या आसपास. आणि त्याच अँटीबॉडी जंतूच्या बदललेल्या एनोलेजलाही चिकटल्या, कारण तो भाग माणसात आणि जंतूत जवळजवळ सारखा आहे. म्हणजे लढाई हिरडीत जंतूविरुद्ध सुरू व्हावी आणि सांध्यात आपल्याच एनोलेजवर येऊन पोचावी अशी शक्यता त्यातून पुढे आली.

हा एकच रस्ता आहे असं मात्र समजू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने हिरड्यांतल्याच दुसऱ्या एका जंतूकडे बोट दाखवलं, त्याचं विष पांढऱ्या पेशींना भोकं पाडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि आपलंच पॅड आतली प्रोटीन बदलून टाकतं. आणि २०२३ मध्ये असं दिसलं की हिरड्या खराब असलेल्या आमवाताच्या पेशंटच्या रक्तात तोंडातले जंतू पुन्हा पुन्हा शिरतात आणि त्या जंतूंवरची बदललेली प्रोटीन अँटीबॉडींना खतपाणी घालतात. यातला कुठला रस्ता किती महत्त्वाचा यावर अजून वाद चालू आहेत आणि ते चालू राहू देत, पण सगळे रस्ते हिरडीतूनच निघतायत हे बघून तरी आईंना दातांच्या डॉक्टरांकडे न्याच.

तिथे काय करायचं, तर हिरड्यांच्या खालचं किटण काढून मुळं साफ करणं, हलणाऱ्या दातांपैकी जो वाचेल तो वाचवणं. काही छोट्या चाचण्यांमध्ये असं केल्यावर सांध्यांची सूजही थोडी उतरलेली दिसली. पण यानेच आमवात जाईल म्हणून कुणी औषध बंद करायला सांगितलं तर ऐकू नका, हे औषधाच्या जोडीला आहे. दात काढायचा असेल आणि आईंना बायोलॉजिक, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारं इंजेक्शन चालू असेल तर आधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

आणि मशेरी. मला माहितीये की गावाकडे ती सवय आजीकडून नातीकडे येते आणि बाई दिवसभर शेतात राबून संध्याकाळी चुलीपुढे बसून चिमूटभर लावते तेव्हा तो तिचा एकटीचा निवांत वेळ असतो, त्यामुळे रागावून सुटणार नाही. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, ती हिरड्या खाते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढवते. एकदम बंद जमत नसेल तर आधी दिवसातली एक वेळ सोडा, मग दुसरी. डॉक्टरांना सांगितलं तर सोडवायला औषधंही मिळतात.

प्रश्न : मोठ्या बहिणीला आमवात आहे म्हणून मी हौसेने टेस्ट केली, अँटी सीसीपी ११० आली, लॅबची मर्यादा २० होती. मला काहीच दुखत नाही. झोप उडालीये. (वय ३४, पुणे)

उत्तर : पहिलं म्हणजे ही टेस्ट काय बघते ते समजून घ्या. ती एनोलेज किंवा दुसरं कुठलंही एक प्रोटीन बघत नाही, लॅबमध्ये बनवलेले सिट्रुलीनवाले छोटे गोल तुकडे वापरून अशा बदललेल्या प्रोटीनच्या सगळ्या कुटुंबाविरुद्धच्या अँटीबॉडी एकत्र पकडते, म्हणजे बदललेलं फायब्रिनोजेन, व्हायमेंटिन, कोलॅजेन वगैरे सगळंच आलं. तिच्यामागे नेदरलँड्समधल्या लोकांचं काम आहे. १९६४ साली तिथल्या दोघांनी आमवाताच्या पेशंटच्या रक्तात एक वेगळी अँटीबॉडी पाहिली, पण ती नेमकं काय पकडते हे कळायला १९९८ उजाडलं, तेव्हा सिट्रुलीनचा उलगडा झाला.

११० हा आकडा मर्यादेच्या तिप्पटपेक्षा जास्त आहे म्हणून तो हाय पॉझिटिव्ह, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण आमवात ठरवायच्या २०१० च्या निकषांत मुळात एक तरी सांधा खरोखर सुजलेला असल्याशिवाय मोजणीच सुरू होत नाही, मग १० पैकी ६ गुण लागतात, आणि हाय पॉझिटिव्ह अँटीबॉडीचे त्यातले फक्त ३. आज तुम्हाला आमवात नाही. अँटीबॉडी आधी येतात आणि दुखणं नंतर हे खरं आहे, नेदरलँड्समध्येच रक्तदात्यांचे जुने साठवलेले नमुने तपासले तेव्हा पुढे आमवात झालेल्या सुमारे निम्म्या जणांच्या रक्तात अँटीबॉडी काही वर्षं आधीपासून होत्या. पण उलट बाजूही आहे, अँटीबॉडी असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. एकाच जिनांच्या जुळ्या बहिणींतसुद्धा एकीला असेल तर दुसरीला व्हायचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच आहे.

तुम्ही काय करायचं तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाला एकदा भेटा, नुसत्या हाडांच्या डॉक्टरांवर थांबू नका. घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर ती घराबाहेर आणि जमलं तर आयुष्याबाहेर काढा. हिरड्या तपासा. आणि सकाळी अर्धा तासाच्या वर बोटं आखडायला लागली, अंगठी घट्ट व्हायला लागली, चालताना चवड्याखाली खडा टोचल्यासारखं वाटायला लागलं तर त्याच आठवड्यात दाखवा. धोका असलेल्या पण अजून पक्का आजार न झालेल्या, सांधे दुखायला लागलेल्या लोकांना अबाटासेप्ट नावाचं, रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध दिलं तर आजार पुढे ढकलता येतो असं २०२४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. तुमच्यासारख्या अजिबात न दुखणाऱ्यांना ते आज देत नाहीत, पण दारं उघडतायत एवढं नक्की. टेस्ट मात्र दर महिन्याला परत करत बसू नका, आकडा ११० वरून ९० झाला काय आणि १३० झाला काय त्यावरून काही ठरत नाही. सूज किती हे सीआरपी, ईएसआर या रक्ताच्या तपासण्यांतून आणि डॉक्टरांच्या बोटांना कळतं.

प्रश्न : मुलाला नवव्या वर्षी टाईप वन डायबेटिस झाला. तोही ऑटोइम्यून म्हणतात. तिथेही असंच एखादं एन्झाईम बदलतं का? (कोल्हापूर)

उत्तर : हो, तशी खूण मिळालीये. ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाईम आहे, ग्लुकोज जाळण्याच्या पहिल्याच पायरीवरचं, आणि इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीला रक्तात साखर किती आहे ते त्याच्यामुळेच कळतं. २०२२ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की सूज आली की बीटा पेशीतलं ग्लुकोकायनेज सुद्धा याच पद्धतीने बदलतं, बदलल्यावर त्याचं काम मंदावतं, आणि टाईप वनच्या काही पेशंटमध्ये त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी मिळतात. म्हणजे इथे दुहेरी नुकसान आहे, एन्झाईम कामातून जातं आणि वर रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेत येतं. यावर आधारलेला उपचार अजून नाही, त्यामुळे मुलाचं इन्शुलिन हेच त्याचं औषध आणि ते एक दिवसही चुकवायचं नाही, कुणी कितीही खात्रीने काढा किंवा पुडी दिली तरी. आणि तुम्ही त्याला लहानपणी गोड दिलंत म्हणून हे झालेलं नाही, हे घरात सगळ्यांना सांगा, विशेषतः जे त्याच्या आईला बोलतात त्यांना.

यकृताच्या एका आजारातही, प्रायमरी बिलियरी कोलांजायटिसमध्ये, पेशीतल्या शक्तीकेंद्रातलं पायरुव्हेट डीहायड्रोजनेज हे एन्झाईम निशाण्यावर येतं आणि ९० टक्क्यांहून जास्त पेशंटमध्ये त्या अँटीबॉडी मिळतात. तिथे बदल वेगळा आहे, एन्झाईमला जोडलेल्या लिपोइक ॲसिडपाशी बाहेरच्या रसायनांची ढवळाढवळ होत असावी असा विचार आहे. त्यावर पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

प्रश्न : आमवातासाठी देतात त्या मेथोट्रेक्सेटची सगळ्यांना भीती वाटते, कॅन्सरची गोळी म्हणतात. त्यापेक्षा आमच्या तालुक्यात एक जण पुड्या देतो, त्याने दोन दिवसांत गुण येतो. घ्यायच्या का? (बीड)

उत्तर : नका घेऊ. दोन दिवसांत सुजलेले सांधे उतरवणाऱ्या अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातलेलं असल्याचं पुन्हा पुन्हा आढळलंय. काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि आत आजार चालूच राहतो, कारण दुखणं दबलं तरी सांधा झिजायचा थांबलेला नसतो. आणि अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी कराव्या लागतात, नाहीतर बीपी पडून जिवावर बेतू शकतं.

मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात तो डोस कितीतरी मोठा असतो, इथे तो छोटा असतो आणि आठवड्यातून एकदाच. एकदाच हे मी मुद्दाम परत लिहिते, कारण चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, गोळ्यांची पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवा आणि घरातल्या अजून एकाला तो वार माहीत असू द्या. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी टाळू नका, लिव्हर आणि रक्ताच्या तपासण्या सांगितलेल्या वेळी करा, दारू नको, आणि मूल हवं असेल तर बायकांनी डॉक्टरांना काही महिने आधी सांगायचं म्हणजे औषध बदलता येतं. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोपर्यंत धीर धरा, मधल्या काळात दुखणं आवरायला डॉक्टर वेगळं औषध देतात, ते मागून घ्या.

भिगवणला १९९६ पासून गावात घरोघरी जाऊन जी सांधेदुखीची पाहणी झाली तिच्यात आमवाताचं प्रमाण दोनशे माणसांत एकाच्या आसपास निघालं, म्हणजे तुमच्या तालुक्यातही असे पेशंट भरपूर असणार. त्यातल्या ज्यांचं औषध नीट चालू आहे अशा एखाद्याला शोधा आणि त्यांच्याशी बोला, माझ्या पत्राने जाणार नाही ती भीती त्यांच्या हातांकडे बघून जाईल.